तिसरं पत्र

आयरीन कोस्केला चौदा वर्षं त्या बिल्डिंगची मॅनेजर होती आणि चौदा वर्षांत तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. अमेरिकेतल्या डलूथ गावाच्या चढावर, सरोवराकडे तोंड करून उभी असलेली चार मजली विटांची बिल्डिंग. अठ्ठावीस फ्लॅट. तळमजल्यावरचा एक आयरीनचा, नोकरीबरोबर मिळालेला. बॉयलर कधी कुरकुरतो, कुठल्या खिडकीतून जानेवारीत वारा आत शिरतो, कुठल्या म्हातारीच्या पायरीवर आधी मीठ टाकायचं म्हणजे ती बर्फावरून घसरणार नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. नियमाला ती पक्की होती. दारातच पाटी होती, ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’, आणि ती पाटी दर वसंतात आयरीन स्वतः पुसून लख्ख करायची.

तिसऱ्या मजल्यावर रॉय बेलांजर राहायचा. लोखंडाची माती वाहून नेणाऱ्या बोटींवर त्याने तीस वर्षं स्वयंपाकी म्हणून काढली होती. आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बोटीवरून सुट्टीवर आला की जिन्यातूनच हाक मारायचा, “काय मॅनेजरसाहेब, आज कुठला नियम मोडू?” निवृत्त होऊन घरी बसला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची बायको कॉनी गेली. त्यानंतर तो आवाज बंदच झाला. पडदे ओढलेले, दाढी वाढलेली. फार्गोला राहणारी मुलगी नदीन महिन्यातून एकदा यायची, फ्रीज भरून जायची आणि पुढच्या महिन्यात आली की तेच सगळं नासलेलं काढून टाकायची. शेवटी तिने बापाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, घरात काहीतरी जिवंत हवं. मग नदीनने गावातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्रा आणला. आखूड पायांचा, पिवळट, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, वयाने चांगलाच जून. नाव मस्टर्ड.

ऑक्टोबरात एका सकाळी रॉय त्या कुत्र्याला घेऊन आयरीनच्या दारात उभा राहिला. दाढी केलेली होती. कितीतरी महिन्यांनी.

“हे डॉक्टरांचं पत्र,” तो म्हणाला. “आणि हा मस्टर्ड. पत्र त्याच्याबद्दलच आहे.”

“रॉय, कुत्रा चालत नाही इथे. पाटी वाचता येते ना तुम्हाला?”

“पाटी पाळीव प्राण्यांची आहे. डॉक्टर म्हणतात, हे औषध आहे. आता गोळीला शेपूट फुटलं, त्याला मी काय करू?”

आयरीनला हसू आलं होतं, ते तिने दाबलं. पत्र उघडलं. चार ओळी होत्या. हा माणूस माझ्या उपचाराखाली आहे, त्याच्या आजारामुळे त्याचं रोजचं जगणं अवघड झालं आहे, या प्राण्यामुळे त्याला आधार मिळतो, तो त्याच्याजवळ असणं गरजेचं आहे. खाली सही, नोंदणीचा नंबर. त्यात काहीही कमी नव्हतं.

आणि हे आयरीनला पुरतं माहीत होतं. त्याच वसंतात बिल्डिंग मॅनेजर लोकांसाठी एक दिवसाचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाईने फळ्यावर लिहून सांगितलं होतं की असा प्राणी कायद्याच्या लेखी पाळीव नव्हेच. त्याला पाटी लागू नाही, त्याच्यासाठी जादा भाडं मागता येत नाही, डॉक्टरांचं पत्र पुरतं, वर आणखी शिक्के नि अर्ज मागायचे नाहीत. आयरीनने ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मात्र दुपारच्या जेवणाचा डबा तिने तसाच घरी परत आणला होता.

कारण होती हिल्मा, तिची कुत्री. चौदा वर्षांपूर्वी आयरीनचा नवरा आर्व्हो अंगणातला बर्फ उपसताना जागीच गेला. राहतं घर भाड्याचं, ते सोडावं लागणार होतं. ही नोकरी मिळाली तेव्हा थोरले स्ट्रँडसाहेब, म्हणजे तेव्हाचे मालक, चष्म्यावरून बघत म्हणाले, “कुत्रा आहे का बाई? तो नाही चालायचा.” हिल्मा आठ वर्षांची होती. आर्व्होच्या मागे सहा आठवडे आयरीन तिच्या पाठीवर हात ठेवून झोपली होती. तेव्हा आयरीनसुद्धा डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती, रॉयच्या होत्या तशाच. तिने हिल्माला उत्तरेकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात हिल्मा कुंपणातून निसटली आणि मोठ्या रस्त्यावर गाडीखाली आली. निसटून कुठे निघाली होती ते शेतकऱ्याने फोनवर सांगितलं नाही. आयरीनला सांगायची गरज नव्हती.

चार ओळींचं काम होतं. कुणी सांगितलं असतं तर तिने डॉक्टरांकडे मागितल्या असत्या. कुणी सांगितलं नाही.

रॉयचं पत्र हातात धरून उभी असताना तिच्या मनात दया यायला हवी होती. ती आली नाही. “मालकांना विचारते,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता मालक होते गॉर्डन स्ट्रँड, थोरल्यांचा मुलगा. हिवाळाभर ते ॲरिझोनात उन्हात बसलेले असायचे. फोनवर म्हणाले, “लगेच हो म्हणू नका, आयरीन. एकाला दिलं की अठ्ठावीस कुत्रे येतील. आपला फॉर्म भरून मागा. लोक कंटाळतात हो आपोआप.”

आयरीनने पहिलं पत्र लिहिलं : आमचा सहा पानी फॉर्म भरून द्यावा. रॉय दोनदा डॉक्टरकडे गेला आणि फॉर्म भरून घेऊन आला. आयरीनने दुसरं पत्र लिहिलं : फॉर्मवर नोटरीचा शिक्का लागेल. नोव्हेंबर लागला होता, चढावर बर्फाचा काचेसारखा थर. रॉय त्यावरून जपून पावलं टाकत बँकेतल्या नोटरीकडे जाऊन आला आणि शिक्क्याचा कागद तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, “आता फक्त मस्टर्डच्या पंजाचा ठसा राहिलाय. तोही पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, आणलाय बरोबर.”

ती हसली नाही. रॉय मस्टर्डला घेऊन वर गेला.

तिने ॲरिझोनाला फोन लावला. स्ट्रँड वैतागले होते. “शिक्कासुद्धा आणला? मग राहू द्या बाई आता. उगाच कोर्टकचेरी नको. त्याला काही लिहून देऊ नका आणि काढूही नका. जानेवारीत बघू.”

म्हणजे तिला काहीच करायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी आयरीन खिडकीत कॉफी घेत उभी होती. समोरच्या मोकळ्या जागेत रॉय बर्फाचे गोळे करून फेकत होता आणि मस्टर्ड ते तोंडात पकडायला धावत होता. पकडला की गोळा फुटायचा आणि कुत्रा भांबावून स्वतःभोवती गोल फिरायचा. दुसऱ्या मजल्यावरची दोघं नवरा-बायको कामावर जाता जाता थांबून बघत होती. रॉय हसत होता. पूर्वीसारखा, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. मग तो बर्फात गुडघ्यावर बसला आणि त्या कुत्र्याच्या मानेत त्याने तोंड खुपसलं.

आयरीनने कप ओट्यावर ठेवला, ऑफिसच्या खोलीत गेली आणि तिसरं पत्र टाइप केलं. आपला अर्ज नामंजूर झाला आहे. सात दिवसांत प्राणी हलवावा. न हलवल्यास भाडेकरार रद्द समजण्यात येईल. मालकांच्या वतीने, आयरीन कोस्केला. एकदाही न वाचता तिने ते तिसऱ्या मजल्यावरच्या दाराखालून सरकवलं.

तिला वाटलं होतं रॉय तावातावाने खाली येईल, भांडेल. खरं तर तो भांडेल म्हणूनच तिने लिहिलं होतं की काय, असं पुढे तिला कितीदा तरी वाटलं. तो भांडला असता तर तिने पत्र मागे घेतलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. पण रॉय तीस वर्षं बोटीवर राहिलेला माणूस. कप्तानाचा हुकूम कागदावर आला की तो पाळायचा, एवढंच त्याला ठाऊक. नदीनलासुद्धा त्याने कळवलं नाही. तिच्या मुलाला दमा, तिच्या घरी कुत्रा ठेवता येणार नाही हे त्याला माहीत होतं, मग तिला कशाला त्रास?

पाचव्या दिवशी तो मस्टर्डला घेऊन गेला. कुत्र्याची चादर, वाडगं, सगळं बरोबर. दुपारी एकटाच परतला. आयरीन दारात मीठ टाकत होती.

“झालं, मॅनेजरसाहेब,” तो म्हणाला. “हुकूम पाळला. जिथनं आणला होता तिथेच दिला परत.”

“थँक यू, रॉय,” आयरीन म्हणाली.

तो जिना चढून गेला. आयरीनच्या तोंडून ते दोन शब्द सवयीने निघाले होते, कुणी भाडेकरू कचऱ्याची पिशवी नीट बांधून टाकतो तेव्हा निघतात तसे. पुढे कित्येक महिने, भांडी घासताना, केस विंचरताना, ते तिला ऐकू येत राहिले.

आठवड्याभराने रॉयच्या पत्रपेटीतून कागद बाहेर डोकावू लागले. आयरीनने वेलची घातलेला पुल्ला नावाचा गोड पाव भाजला, आईकडून शिकलेला, वेणीसारखा वळलेला, आणि कापडात गुंडाळून वर नेला. दार वाजवलं.

“ठेवा तिथे,” आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पाव तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने दार वाजवलं तेव्हा आवाजही आला नाही. तिने किल्ली लावली.

रॉय स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. अंगात कोट, डोक्यावर टोपी, जणू आत्ता बाहेर निघायचंय. शेगडीवर काही नव्हतं. ओठ फुटून रक्त सुकलं होतं. लादीवर पिवळे केस तसेच पडलेले, कुणी झाडलेले नव्हते. “रॉय,” तिने हाक मारली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं नाही. किती दिवस तो पाण्यावाचून बसला होता ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. स्ट्रेचर जिन्यातून खाली उतरवताना आयरीन भिंतीला चिकटून उभी राहिली. शेजारच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं झालं तुम्ही वेळेवर गेलात, आयरीन. तुम्ही नसता तर?”

आयरीनने तो हात हळूच बाजूला केला.

नदीन दुसऱ्या दिवशी फार्गोहून आली. वडिलांच्या टेबलावर तिला तिन्ही पत्रं सापडली होती, ती हातात घेऊनच ती खाली आली. उंच, शांत बाई. आवाज चढवला असता तर आयरीनला सोपं गेलं असतं.

“डॉक्टरांचं पत्र तुम्हाला मिळालं होतं?”

“मिळालं होतं.”

“फॉर्म मिळाला होता? शिक्कासुद्धा?”

“हो.”

“मग हे तिसरं कुणी लिहिलं?”

“ते… ऑफिसकडून आलं,” आयरीन म्हणाली.

“ऑफिस म्हणजे?”

“मालकांकडून.”

नदीनने पत्राची घडी घातली. “माझे वडील म्हणतात तुमचा काही दोष नाही. ‘ती बाई नियमाने वागणारी आहे, तिला वरून आलं असेल,’ म्हणतात. हे बोलायला त्यांना दहा मिनिटं लागली, एवढा दम लागतोय.”

ती निघून गेली. दोष नाही, असं रॉय म्हणत होता. तिच्या बाजूने बोलायला सगळ्या जगात एक तोच होता.

दुपारी ती प्राण्यांच्या निवाऱ्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान हलवली. “मस्टर्ड? तो चार दिवसांतच गेला. छान घर मिळालं त्याला.” कुणाचं घर ते सांगता येत नाही, म्हणाली. आयरीनने झालेलं सगळं सांगणारी एक चिठ्ठी लिहून दिली, ज्यांनी नेला त्यांना कृपा करून पोचवा म्हणून. मुलगी म्हणाली, पाठवू, पण उत्तर येईलच असं नाही.

नदीनने भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या कार्यालयात तक्रार केली. फेब्रुवारीत दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. आदल्या दिवशी मालकांच्या वकिलाने आयरीनला फोनवर पढवलं. “तुम्हाला वाटलं की फॉर्म अपुरा होता. प्रामाणिक गैरसमज. एवढंच बोलायचं. जास्त काही नाही.” मग स्ट्रँड स्वतः फोनवर आले. “आयरीन, ते पत्र लिहायला मी सांगितलं नव्हतं, हे मी कुठेही बोललेलो नाही. तुमचं घर तिथेच आहे, नोकरी तिथेच आहे. आपण एकमेकांना सांभाळून घेऊ.”

ते दमात घेत नव्हते. खरंच सांभाळून घ्यायला निघाले होते, आणि त्यानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर. अधिकारी मिस व्हँग नावाची ठेंगणी, चष्मेवाली बाई होती. समोर नदीन आणि तिच्या शेजारी रॉय. त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. आयरीनला पाहून त्याने ओळखीची मान हलवली.

मिस व्हँगने कागद पुढे सरकवला. “मिसेस कोस्केला, हे पत्र लिहिताना तुम्हाला अर्ज अपुरा वाटला होता का?”

वकिलाने पेन खाली ठेवलं. आयरीनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “अर्ज पहिल्याच दिवशी पुरा होता. डॉक्टरांच्या चार ओळी पुरेशा होत्या. मला माहीत होतं. मी वर्गात शिकले होते, वही आहे घरी. आणि हे तिसरं पत्र लिहायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. मालक राहू दे म्हणाले होते. मी माझ्या मनाने लिहिलं. नदीनला मी खोटं सांगितलं.”

वकिलाने थोडा वेळ थांबायची विनंती केली. मिस व्हँग लिहीत होती. रॉय मात्र पुढे वाकला.

“का?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्याला.

हिल्माबद्दल सांगावं असं आयरीनच्या ओठांवर आलं. आर्व्होबद्दल, गोळ्यांबद्दल, त्या शेतकऱ्याच्या फोनबद्दल. पण ते सांगितलं की या माणसाला तिची कीव येणार, तो तसाच होता. आणि ती कीव ती त्याच्याकडून उकळणार.

“त्या दिवशी बर्फात तुम्ही त्याच्याशी खेळत होता,” ती म्हणाली. “तुम्हाला हसताना मला बघवलं नाही.”

रॉय मागे टेकला. त्याने नदीनकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. त्यानंतर सबंध वेळात त्याने आयरीनकडे एकदाही पाहिलं नाही.

समझोता झाला. रॉयला भरपाई मिळाली, दारातली पाटी निघाली, नव्या मॅनेजरने कायद्याचा वर्ग करायचा असं ठरलं. आयरीनला महिन्याभरात फ्लॅट सोडायला सांगितलं. ती कुणाशी वाद न घालता निघाली. पुलापलीकडे, सुपीरियर गावात मावसबहिणीकडे एक खोली रिकामी होती, तिथे सामान टाकलं आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं तिने ऐकलं होतं. तिचं झालं नाही. एवढंच झालं की आता तिच्या बाजूने बोलणारा कुणी उरला नाही, आणि ते तिला योग्य वाटलं.

एप्रिलात जुन्या पत्त्यावरून फिरत एक पाकीट आलं. सरोवराच्या काठाने तासाभरावर टू हार्बर्स आहे, तिथल्या गेल होव्हलँड नावाच्या बाईचं. चिठ्ठी उशिरा पोचली, क्षमा करा, एकदा येऊन जा, असं लिहिलं होतं.

रविवारी आयरीन गेली. गेलने तिला स्वयंपाकघरात बसवलं. आतल्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा आरामखुर्चीत बसला होता आणि त्याच्या पावलांवर हनुवटी टेकून मस्टर्ड झोपला होता.

“हा माझा नवरा, आयनार,” गेल म्हणाली. “तीन वर्षं झाली, सगळं विसरत चाललाय. माझं नाव गेल्या उन्हाळ्यात गेलं. मुलांची तर आधीच. पण कुत्र्याचं नाव त्याला येतं. सकाळी उठला की आधी तेच विचारतो.” ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. “तुमची चिठ्ठी वाचून मी तीन आठवडे कुणाशी बोलले नाही. त्या गृहस्थांचा आहे तो, कळतंय मला. पण मी देऊ शकत नाही हो. मला माफ करा म्हणावं त्यांना.”

“माफी तुम्ही नका मागू,” आयरीन म्हणाली.

परत येताना ती सरळ चढावरच्या बिल्डिंगकडे गेली. आता तिच्याकडे किल्ली नव्हती, बेल वाजवावी लागली. रॉय खाली आला, पण त्याने तिला आत बोलावलं नाही. दारात उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. आयनार, खिडकी, सकाळी विचारलेलं नाव. गेलने दिलेला पत्ता पुढे केला. केव्हाही भेटायला या, असं तिने सांगितल्याचंही सांगितलं.

रॉयने कागद घेतला आणि लांब धरून वाचला.

“कान खाजवतो का तो माणूस त्याचे?” त्याने विचारलं. “डाव्या कानामागे खाजवावं लागतं.”

“ते नाही पाहिलं मी.”

“हं.” त्याने कागद खिशात घातला. “राहू दे त्याला तिथे. नाव लक्षात आहे म्हणता, मग कसा काढून आणणार?” आयरीनच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं असावं, कारण रॉयने लगेच बोट वर केलं. “पण हे मी त्या माणसासाठी म्हणतोय. तुमच्यासाठी नाही.”

“हो,” आयरीन म्हणाली.

“तुम्हाला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही.” आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नीट लावलं.

पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या त्या जोडप्यातली बायको एकदा डलूथच्या बाजारात भेटली, तिच्याकडून आयरीनला कळलं की रॉय दर गुरुवारी सकाळच्या बसने टू हार्बर्सला जातो. जाताना डबा नेतो, जंगली तांदळाचं सूप, तिघांपुरतं. आयनार त्याला दर वेळी नव्याने भेटतो आणि दर वेळी आपल्या कुत्र्याची ओळख करून देतो. “हा मस्टर्ड,” म्हणतो, आणि रॉय म्हणतो, “वा, छान नाव आहे.”

हे सांगताना ती बाई हसत होती. आयरीनही तोंडदेखलं हसली आणि पिशवी उचलून निघाली. टू हार्बर्सच्या बसचा थांबा बाजाराच्या वाटेवरच आहे. गुरुवारी सकाळी ती बाजाराला जात नाही, बुधवारीच काय ते आणून ठेवते.